फोन पिवळा केला तरी झोप येईना

दोन महिन्यांपूर्वी टॅबलेट खरेदीवर लिहिताना मी जाता जाता एक ओळ टाकली होती, "रात्री नाईट मोड लावत जा", बस एवढंच. (नाईट मोड म्हणजे स्क्रीनचा निळा उजेड कमी करून ती पिवळसर करणारं सेटिंग, झोप नीट लागावी म्हणून.) त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली तेवढी अख्ख्या लेखावर नाही आली. काही जणांनी आभार मानले, काही जणांनी झापलं, एका आजोबांनी तर माझ्यावर भरवसा ठेवून सुनेचा फोन तिला न विचारता पिवळा करून ठेवला आणि घरात दोन दिवस अबोला झाला. म्हणून या वेळचं पूर्ण सदर त्याच विषयावर.

प्रश्न : माझा फोन रात्री ८ वाजता आपोआप पिवळा होतो, दोन वर्षं झाली तसं लावून. तरी रात्री १ वाजेपर्यंत डोळे टक्क उघडे असतात आणि सकाळी ७:१२ ची लोकल असते. नवरा म्हणतो हे पिवळं-बिवळं सगळं थोतांड आहे. खरं काय?
– एक वाचक, डोंबिवली

ताई, नवरा पूर्ण बरोबर नाही पण पूर्ण चूकही नाही, हे वाक्य घरी मोठ्यानं वाचू नका एवढंच.

आधी हे पिवळं करायचं खूळ आलं कुठून ते सांगतो. आपण शाळेत शिकलो की डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात, एक अंधारात बघायला आणि एक रंग बघायला. पण तिथे आणखी एक प्रकार आहे. १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ आणि त्यांच्या सोबतच्यांना बेडकाच्या कातडीत उजेड ओळखणारं एक प्रथिन सापडलं, त्याचं नाव मेलनॉप्सिन. मग कळलं की ते आपल्या डोळ्याच्या पडद्यातही आहे, आणि २००२ मध्ये ज्या पेशींत ते असतं त्या पेशी स्वतःच उजेड पकडतात हेही दाखवलं गेलं. या पेशींना चित्र बघण्यात फारसा रस नाही, त्यांचं मुख्य काम म्हणजे मेंदूतल्या घड्याळाला "अजून दिवस आहे" किंवा "संपला दिवस" एवढा निरोप देणं. दिवस आहे असा निरोप गेला की मेलाटोनिन नावाचं रसायन, जे शरीराला रात्र झाल्याचं कळवतं, ते अडवून धरलं जातं. आणि या पेशी सगळ्यात जास्त चेकाळतात ४८० नॅनोमीटरच्या (उजेडाचा रंग याच मापात सांगतात) आसपासच्या उजेडाला, म्हणजे आकाशी निळ्याला.

आता फोन. तुमच्या फोनच्या मागचा टॉर्च बंद असताना जरा निरखून बघा, काचेखाली पिवळा ठिपका दिसेल. टॉर्च पांढरा लागतो, मग ठिपका पिवळा का? कारण आतला दिवा मुळात निळा आहे, त्याच्यावर पिवळ्या भुकटीचा थर दिलाय, थोडा निळा तसाच बाहेर येतो, उरलेल्याचा पिवळा होतो, आणि दोघं मिळून आपल्याला पांढरं दिसतं. हा निळा एलईडी बनवला म्हणून २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळालं. घरातली एलईडी ट्यूब, टीव्ही, साधा एलसीडी फोन, सगळ्यांच्या पोटात तोच निळा दिवा. म्हणून फोनच्या पांढऱ्या उजेडात निळ्याचा एक उंच सुळका असतो, ४५० च्या आसपास.

हे मी स्वतः बघितलंय आणि तुम्हीही बघू शकता, खर्च शून्य. घरात जुनी सीडी असेल तर काढा, कुणाच्या तरी लग्नाची असतेच. फोनवर काळ्या पानावर एकच बारीक पांढरी उभी रेघ काढा, खोलीत पूर्ण अंधार करा आणि सीडी तिरकी धरून त्या रेघेचं प्रतिबिंब बघा. लाल, हिरवा, निळा असे पट्टे वेगवेगळे दिसतील. आता नाईट मोड लावून शेवटपर्यंत ओढा. माझ्या फोनवर निळा पट्टा एकदम मलूल झाला, पण गेला नाही. आणि हिरवा तसाच्या तसा, ढिम्म! इथेच गोम आहे, कारण त्या पेशींना निळं सगळ्यात जास्त कळत असलं तरी हिरवट उजेडही त्यांना चांगलाच कळतो.

म्हणजे नाईट मोड काम करतो, पण चाळणीतून पाणी अडवल्यासारखं. त्यापेक्षा मोठा नळ आहे ब्राईटनेस. हिशोब मांडून बघितला तर साधारण ६ इंची फोन ५०० निट्सवर, म्हणजे बऱ्यापैकी झगझगीत, एक फुटावर धरला तर डोळ्यावर ५०-६० लक्स (पडणारा उजेड मोजायचं माप) पडतात, तोच दुप्पट लांब धरला की चौथा हिस्सा, आणि ब्राईटनेस अगदी तळाला नेला तर एक लक्ससुद्धा धड पडत नाही. तुम्ही फोन पिवळा करता, बरोबर? आणि पिवळा झाल्यावर मंद वाटतो म्हणून ब्राईटनेस वर नेता. मी पण तेच करायचो.

बॉस्टनमध्ये एक प्रयोग झाला होता, २०१४ च्या शेवटी छापून आला, सगळीकडे त्याचाच दाखला देतात. १२ जणांना झोपायच्या आधी ४ तास, ओळीनं ५ रात्री आयपॅडवर वाचायला दिलं आणि तशाच ५ रात्री कागदी पुस्तक. आयपॅडच्या रात्रींत त्यांचं मेलाटोनिन दबलं आणि शरीराचं घड्याळ दीड तास मागे पडलं. भयंकर वाटतं ना? पण आयपॅड फुल ब्राईटनेसवर होता, खोलीत अंधूक उजेड होता, आणि एवढं करून झोप लागायला साधारण १० मिनिटं उशीर झाला. दहा. तुमची झोप जातेय रात्री १ पर्यंत, मग बाकीचा वेळ कोण खातंय?

त्याचं उत्तर अमेरिकेतल्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या २०२१ च्या अभ्यासात जरा सापडतं. १८ ते २४ वयाच्या १६७ जणांचे तीन गट केले, एका गटानं झोपण्यापूर्वी नाईट शिफ्ट, म्हणजे आयफोनमधला नाईट मोड, लावून फोन बघायचा, दुसऱ्यानं न लावता, तिसऱ्यानं फोनला हातच लावायचा नाही. मनगटावर यंत्र बांधून झोप मोजली. पिवळा फोन आणि पांढरा फोन यांच्यात काही फरक नाही निघाला. ज्यांची झोप मुळात पुरेशी होती त्यांच्यात फोन न बघणारे थोडे बरे झोपले, पण पिवळा फोनवाले मात्र पांढऱ्यावाल्यांपेक्षा काही वेगळे नव्हते.

म्हणजे रील पिवळी असो वा पांढरी, रील ती रीलच, आणि सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून चाललेली भांडणं पिवळ्या स्क्रीनवर वाचली म्हणून डोकं थंड होत नाही.

आणि अजून एक, हे कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. रात्री ११ पर्यंत तुम्ही कुठल्या दिव्याखाली बसता? आपल्याकडे बहुतेक घरात हॉलमध्ये पांढरीशुभ्र ट्यूब असते, खोक्यावर "कूल डेलाईट ६५०० के" लिहिलेलं असतं (के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप), म्हणजे रंगानं दुपारच्या उजेडासारखी. ती तीन-चार तास डोक्यावर जळतेय आणि काळजी कसली तर हातातल्या सहा इंचाची! जेवणं झाली की ती बंद करा आणि कोपऱ्यात एक २७०० किंवा ३००० के लिहिलेला वॉर्म व्हाईट बल्ब लावा. फोनच्या कुठल्याही सेटिंगपेक्षा याचा उपयोग जास्त होईल असं माझं प्रामाणिक मत आहे. नवऱ्याला खुर्चीवर चढायला लावा, थोतांड म्हणाला ना.

प्रश्न : ते सेटिंग नेमकं कुठे असतं? आमच्या घरात चार फोन, चारही वेगळ्या कंपन्यांचे, सगळ्यात नाव वेगळं.
– सांगली

खरंय, कंपन्यांनी नावांचा नुसता गोंधळ घातलाय. आयफोन-आयपॅडमध्ये सेटिंग्ज, मग डिस्प्ले अँड ब्राईटनेस, तिथे नाईट शिफ्ट, हे २०१६ पासून आहे. सॅमसंगमध्ये आय कम्फर्ट शील्ड, शाओमी-रेडमीमध्ये रीडिंग मोड, पिक्सेलमध्ये नाईट लाईट, बाकीच्यांत आय कम्फर्ट किंवा आय प्रोटेक्शन असलं काहीतरी, नाहीच सापडलं तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत "आय" किंवा "नाईट" टाईप करा. विंडोजच्या लॅपटॉपलाही नाईट लाईट आहे. वेळ लावताना "सनसेट टू सनराईज" लावलंत तर लोकेशन चालू ठेवावं लागतं, त्यापेक्षा सरळ ९ ते ६ असं हातानं टाका.

पण खरं कामाचं सेटिंग दुसरंच आहे. ब्राईटनेसची पट्टी पूर्ण तळाला नेऊनही अंधारात फोन डोळ्यात घुसतो, हो ना? अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनमध्ये "एक्स्ट्रा डिम" आहे, वरून पट्टी खाली ओढली की जी बटणं येतात त्यात शोधा, पेन्सिलवर दाबून ते पहिल्या पानावर आणून ठेवा. आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीत डिस्प्ले अँड टेक्स्ट साईझ मध्ये "रिड्यूस व्हाईट पॉईंट" आहे, तेच काम करतं. फक्त सकाळी बंद करायला विसरू नका, मी एकदा तसाच बाहेर पडलो आणि भर उन्हात रिक्षावाल्याला पैसे पाठवताना स्क्रीनवर काही दिसेना, त्यालाच फोन देऊन म्हटलं बाबा तूच बघ गेले का.

प्रश्न : चष्म्याच्या दुकानात मला ब्लू कट, म्हणजे निळा उजेड अडवणारी, काच घ्या म्हणून फार आग्रह झाला. त्यांनी निळ्या लेझरचा टॉर्च मारून दाखवला, साध्या काचेतून आरपार गेला आणि ब्लू कट काचेनं अडवला. जादा पैसे देऊन घेतली. झोप आणि डोळे दोन्ही सुधारतील म्हणाले. फसलो का?
– नाशिक

फसलात असं नाही म्हणणार, काच काही खराब नसते. पण तो लेझरचा खेळ मीही बघितलाय, आणि बघितल्यावर मलाही क्षणभर पटला होता. त्यातली मेख अशी की दुकानातल्या त्या टॉर्चचा उजेड बहुतेक वेळा ४०५ नॅनोमीटरचा असतो, म्हणजे निळा नाहीच, जांभळा. ब्लू कट काच तो भाग मस्त अडवते. फोनचा सुळका ४५० ला, झोपेच्या पेशींचा आवडता उजेड ४८० ला, आणि तिथे हीच काच बरंच काही सोडून देते. नसती सोडली तर काच शेंदरी दिसली असती आणि तुम्ही ती घालून ऑफिसला गेला नसतात. नेहमीच्या अशा काचा निळ्यातला साधारण १० ते २५ टक्केच भाग अडवतात.

२०२३ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं जगभरातल्या १७ चाचण्या एकत्र करून तपासल्या. स्क्रीनवर काम करून डोळे थकतात त्यात अशा चष्म्यानं साध्या चष्म्यापेक्षा बहुधा फरक पडत नाही असं निघालं, झोपेबद्दल तर ठाम काही म्हणताच आलं नाही. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची संघटनाही कॉम्प्युटरसाठी हे चष्मे घ्या असं सांगत नाही.

डोळे चुरचुरतात ते मुख्यतः पापण्या कमी मिटतात म्हणून. स्क्रीनकडे बघताना आपण डोळे मिचकवायचंच विसरतो, पाणी सुकतं. अधूनमधून खिडकीतून लांब बघा, पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नका. पुढच्या वेळी ते जादा पैसे चांगल्या फ्रेमला घाला.

प्रश्न : माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं फोन निळसर पांढरा दिसतो आणि दुसऱ्यानं मळकट पिवळा. फोन बिघडलाय की डोळा? वय ७१.
– सातारा

काका, दोन्ही ठीक आहेत, आणि तुमचं निरीक्षण फार सुंदर आहे. वयानुसार डोळ्यातलं नैसर्गिक भिंग हळूहळू पिवळं पडत जातं, त्यातून निळा उजेड कमी आत जातो. इतकं सावकाश होतं हे की आपल्या लक्षातच येत नाही. ऑपरेशनमध्ये ते काढून स्वच्छ भिंग बसवलं की एकदम सगळं निळं-पांढरं, घरच्या भिंतीसुद्धा नव्यानं रंगवल्यासारख्या वाटतात असं माझे एक मामा म्हणायचे. म्हणजे ज्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलंय त्याला निसर्गानंच नाईट मोड लावून दिलाय!

हल्ली किंचित पिवळसर भिंगंही बसवतात. तुमच्या पहिल्या डोळ्यात कुठलं आहे आणि दुसऱ्यात कुठलं घालणार हे डॉक्टरांना जरूर विचारा, तो निर्णय त्यांचा, मासिकातून देण्यासारखा नाही. फोनचं म्हणाल तर ब्राईटनेस कमी करून अक्षरं मोठी करा.

प्रश्न : मुलगा ४ वर्षांचा आहे. टॅबलेटवर गाणी लावल्याशिवाय झोपत नाही. आम्ही पूर्ण पिवळा करूनच देतो. चालेल ना?
– पुणे

"चालेल" असं उत्तर हवंय हे मला कळतंय. पण लहान मुलांच्या डोळ्याची बाहुली मोठी असते, भिंग अगदी स्वच्छ असतं, त्यामुळे तोच उजेड त्यांच्या डोळ्यात आपल्यापेक्षा जास्त जातो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये ३ ते ५ वर्षांच्या मुलांना झोपायच्या आधी तासभर झगझगीत उजेडाच्या टेबलावर खेळू दिलं, तर त्यांचं मेलाटोनिन जवळपास ८८ टक्के दबलं. तो उजेड टॅबलेटपेक्षा खूपच जास्त होता, १००० लक्स, त्यामुळे घाबरून जाऊ नका, पण मोठ्यांचे नियम त्यांना लागू नाहीत एवढं त्यातून घ्या. त्यात टॅबलेट मांडीवर, नाकापासून वीतभर अंतरावर, आणि आकारानं फोनच्या तिप्पट. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये या वयाला बसून स्क्रीन बघणं दिवसभरात एक तासापेक्षा जास्त नको, कमी तेवढं बरं असं सांगितलंय.

गाणी हवीत ना? मग गाणीच द्या. स्क्रीन पालथी घालून टेबलावर ठेवा, आवाज चालू. पहिले तीन-चार दिवस रडारड होईल, आमच्याकडे तर आठवडाभर झाली आणि तेवढे दिवस रोज रात्री तीच चिऊताई-काऊची गोष्ट मला सांगावी लागली, मेणाचं घर आणि शेणाचं घर, मध्येच मलाच झोप लागायची आणि तो उठवायचा.

प्रश्न : फोनच्या निळ्या उजेडानं माणूस आंधळा होतो असा मेसेज फिरतोय, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय म्हणे.
– कोल्हापूर

२०१८ मध्ये टोलेडो विद्यापीठात एक प्रयोग झाला होता, त्यावरून हे सुरू झालं. तो प्रयोगशाळेतल्या बशीत ठेवलेल्या पेशींवर होता, जिवंत माणसाच्या डोळ्यावर नाही. ढगाळ दिवशी नुसतं अंगणात उभं राहिलात तरी हजारो लक्स अंगावर येतात, लख्ख उन्हात लाखभर. फोनचे ५० कुठे आणि ते कुठे. मेसेज पुढे पाठवू नका.

प्रश्न : मी एमपीएससी करतोय, अभ्यासिका रात्री ११ ला बंद होते, मग रूमवर येऊन १ पर्यंत टॅबलेटवर पीडीएफ वाचतो. पुस्तकं घ्यायला परवडत नाही. डार्क मोड लावू की पिवळा? आणि वाचून झाल्यावर तासभर झोपच लागत नाही.
– सदाशिव पेठ, पुणे

मित्रा, तुला टॅबलेट बाजूला ठेव म्हणून सांगण्यात अर्थ नाही, तुझं पुस्तकच ते आहे. तर डार्क मोड आणि पिवळा मोड ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक एकच समजतात. डार्क मोडमध्ये पान काळं आणि अक्षरं पांढरी, त्यामुळे एकूण उजेडच खूप कमी होतो, म्हणून झोपेच्या दृष्टीनं तो पिवळ्यापेक्षा सरस. पण तासनतास वाचायला काहींना, विशेषतः ज्यांना चष्म्याचा तिरका नंबर आहे त्यांना, काळ्यावर पांढरी अक्षरं फाटल्यासारखी दिसतात आणि डोकं धरतं. तुला तसं होत असेल तर पीडीएफच्या ॲपमध्ये फिकट तपकिरी, ज्याला सेपिया म्हणतात ते पान निवड, वर पिवळा मोड, आणि ब्राईटनेस एवढा खाली की अक्षरं जेमतेम आरामात वाचता येतील. टॅबलेट हातात धरू नकोस, डब्याला किंवा पुस्तकांना टेकवून दीड-दोन फुटांवर ठेव.

आता दिवसाचं बोलू, कारण अभ्यासिका म्हणजे दिवसभर बंद खोली आणि पडदे ओढलेले. २०१६ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात एक छोटा प्रयोग झाला, त्यात लोकांना आधी दिवसा साडेसहा तास चांगल्या लख्ख उजेडात बसवलं आणि संध्याकाळी २ तास टॅबलेट वाचायला दिला, तर कागदी पुस्तक वाचताना आणि टॅबलेट वाचताना त्यांच्या मेलाटोनिनमध्ये फरक दिसला नाही. दिवसा भरपूर उजेड मिळाला तर रात्रीचा थोडा उजेड शरीर फारसा मनावर घेत नाही असं दिसतंय. म्हणून सकाळचा चहा टपरीवर बाहेर उभं राहून पी, वर्तमानपत्र आत न वाचता बाहेर कट्ट्यावर वाच, दुपारी जेवायला मेसला जाताना उन्हातून जा. फुकट आहे.

आणि १ वाजता पॉलिटीच्या, म्हणजे राज्यघटनेच्या, कलमांवर थांबून लगेच गादीवर पडशील तर झोप येणार नाहीच, तो दोष टॅबलेटचा नाही, डोक्यात कलमं फिरत असतात. शेवटचा अर्धा तास प्रश्नपत्रिका सोडवू नकोस, आधी वाचलेलं काहीतरी हलकं चाळ. ट्यूब बंद, झिरोचा बल्ब चालू. रूममेटला ट्यूब हवी असेल तर तोंडावर पंचा टाक, आम्ही हॉस्टेलला तेच करायचो.